तीनशे तीस तोळे

मे महिन्यातला तिसरा रविवार, दुपारचे अडीच. ठिकाण मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या कम्युनिटी सेंटरचा छोटा हॉल. रक्कम पंधरा डॉलर. हजर: मी, माझी बायको, माझी मुलगी, आमच्या गटातली नऊ कुटुंबं आणि वॉलॉंगॉंगहून पाहुणा म्हणून आलेला एक माणूस, ज्याला आम्ही अकरा वर्षं ओळखत होतो. पंधरा डॉलर मी दिले, त्याने घेतले. त्या पैशांत मी माझ्या वडिलांनी लिहिलेलं पुस्तक विकत घेतलं. मुखपृष्ठावर नाव त्याचं होतं.

आमचा गट म्हणजे काही संस्था नव्हे. विदर्भातून आलेली, आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेली दहा घरं. महिन्यातून एकदा हॉल भाड्याने घेतो, वंदना होते, मुलं कंटाळतात, मग जेवण. बुद्धपौर्णिमेला कोणाला तरी बोलायला बोलावतो. त्या वर्षी याला बोलावलं होतं. नाव सुचवलं मीच.

अकरा वर्षांपूर्वी तो क्लेटनला युनिमध्ये शिकत होता. सहा जणांत राहत होता ते घर मालकाने विकायला काढलं, तेव्हा कोणीतरी त्याला माझा नंबर दिला. दोन आठवड्यांसाठी आला आणि सात महिने राहिला. मला दादा म्हणायचा, बायकोला वहिनी. भाडं मी घेतलं नाही. मी पेरोलमध्ये काम करतो, दुसऱ्यांचे आकडे तपासणं हा माझा रोजचा धंदा आहे, पण ते सात महिने मी कधी मोजले नव्हते. मोजले त्या रविवारी, घरी येताना गाडीत.

त्याच सात महिन्यांत माझे आईवडील तीन महिन्यांसाठी आले होते. वडील वर्धा जिल्ह्यातल्या शाळेत गणिताचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर ते एकच पुस्तक लिहीत होते, एका आचार्यांचं चरित्र. अकराव्या शतकातले आचार्य. बंगालमधल्या राजघराण्यात जन्मले, राज्य सोडून भिक्खू झाले, गुरूच्या शोधात बारा-तेरा महिने समुद्रातून प्रवास करून सुमात्रा बेटावर गेले, तिथे बारा वर्षं शिकले. परत येऊन बिहारमधल्या मोठ्या विहारात शिकवू लागले आणि साठीला टेकल्यावर हिमालय ओलांडून तिबेटला गेले. तिथे विस्कटलेला धम्म त्यांनी पुन्हा उभा केला. आज जगभर तिबेटी परंपरेत जे काही शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं त्यांच्यापर्यंत मागे नेता येतं.

आमच्या गावात बुद्ध सर्वांना माहीत होते, आणि त्यानंतर एकदम आमचे आजोबा. वडील म्हणायचे, "मधली अडीच हजार वर्षं सगळे काय झोपले होते?" ती मधली जागा भरायची म्हणून त्यांनी हे आचार्य धरले. नऊ वर्षांत चार वह्या भरल्या. इथे आले तेव्हा वह्या सोबत होत्या. संध्याकाळी ते तळ्याभोवती फिरायला जात आणि हा त्यांच्यासोबत जात असे. मी कामावरून उशिरा यायचो. मी जे ऐकायला हवं होतं ते त्याने ऐकलं.

या चरित्रातली एक गोष्ट इथे सांगायला लागते. आचार्यांना तिबेटमध्ये आणावं म्हणून पश्चिम तिबेटचा एक म्हातारा राजा सोनं गोळा करत होता. शेजारच्या राजाने त्याला पकडलं आणि सांगितलं, तुझ्या वजनाइतकं सोनं आलं तर सोडतो. पुतण्याच्या मुलाने देशभर फिरून सोनं जमवलं. सगळं भरलं, फक्त डोक्याच्या वजनाइतकं कमी पडलं. तो आणखी जमवायला निघाला तेव्हा राजा कैदेतून म्हणाला, मी म्हातारा आहे, माझ्यावर घालवू नकोस, आहे ते घेऊन आचार्यांकडे जा. राजा कैदेतच मेला. सोनं हिंदुस्थानात गेलं, आचार्य तिबेटला आले.

वडिलांना प्रश्न पडला, डोक्याचं वजन किती? मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पुस्तक लिहायला ते पुढे निवृत्तीनंतर बसले, पण आचार्यांचं वेड आधीपासूनचं. एका सकाळी ते मला गावातल्या किराणा दुकानात घेऊन गेले, फळीवर आडवं झोपवलं आणि माझं डोकं तराजूच्या पारड्यात ठेवायला लावलं.

"मास्तर, डोकं विकायला काढलं काय?" दुकानदार म्हणाला. "माझं दुकान शाकाहारी हाय."

"मान सैल सोड," वडील मला म्हणाले.

दुसऱ्या पारड्यात एकेक वजन पडत गेलं. दोन किलो, एक किलो, अर्धा किलो, दोनशे, शंभर, पन्नास. काटा सरळ झाला. तीन किलो आठशे पन्नास ग्रॅम. सोनं तोळ्यांत मोजतात म्हणून वडिलांनी तिथेच पुड्याच्या कागदावर भागाकार केला. तीनशे तीस तोळे.

तोच आकडा पुढे त्यांच्या वहीत गेला: राजाच्या डोक्याइतकं, म्हणजे सुमारे तीनशे तीस तोळे सोनं कमी पडलं. मी एकदा सुट्टीवर घरी गेलो होतो तेव्हा वाचलं आणि बोललो, "बाबा, साठी उलटलेल्या राजाला माझं अकरा वर्षांचं डोकं? हे सिद्ध नाही." ते जरा ओशाळले. "तळटीप घालू," म्हणाले. समासात त्यांनी सगळी वजनं आणि भागाकार लिहून ठेवलेला होता. तळटीप लिहायच्या आधी ते गेले. चार वर्षं झाली.

आचार्य तिबेटला निघाले तेव्हा आपल्या विहाराला तीन वर्षांत परत येतो असं सांगून निघाले होते. परतीच्या वाटेवर लढाई सुरू झाली, रस्ता बंद झाला, ते तिथेच राहिले आणि तिथेच गेले. वडिलांनी हे वाक्य लाल पेनाने अधोरेखित केलं होतं. मीही तीन वर्षं म्हणूनच निघालो होतो. बावीस झाली. मी वडिलांच्या आजारपणात सहा दिवस घरी होतो आणि नंतर त्यांच्या दिवसांना. वह्या केबिन बॅगेत घालून आणल्या आणि टार्निटहून शहरात जाणाऱ्या ट्रेनमध्ये दोन हिवाळे मांडीवर लॅपटॉप ठेवून टाईप केल्या. एक शब्द बदलला नाही. समासातलं टिपण तेवढं घेतलं नाही. छापताना तळटीप मीच घालणार होतो.

त्याने तीन वर्षांपूर्वी फोन केला होता. "दादा, बाबांचं लिखाण वाचायला द्या ना. मला जरा सिरियसली अभ्यास करायचाय." मला बरं वाटलं. फाईल पाठवली.

तर त्या रविवारी हॉलमध्ये तो बोलत होता आणि मी शेवटच्या रांगेत बसून पान एक्केचाळीस उघडलं. तिथे लिहिलं होतं: "तिबेटी साधनांनुसार राजाच्या डोक्याइतकं, म्हणजे सुमारे तीनशे तीस तोळे सोनं कमी पडलं." 'तिबेटी साधनांनुसार' हे दोन शब्द त्याचे. पुढचे तीन शनिवार-रविवार मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. वडिलांची एक हजार तीनशे शहाऐंशी वाक्यं. त्यांतली एक हजार तीनशे एकाहत्तर जशीच्या तशी. पंधरा बदललेली. ऋणनिर्देशात त्याची बायको, त्याचे आईवडील, त्याचा मॅनेजर, आणि शेवटी: मेलबर्नच्या दादावहिनींचा वरणभातही विसरता येणार नाही.

माझ्या वडिलांचा उल्लेख कुठेही नव्हता.

"त्याला फोन करा," बायको म्हणाली. "विचारा तरी."

"नाही. फोनवर तो रडेल आणि तू विरघळशील."

"आणि तुम्ही?"

"म्हणूनच फोन नाही."

मुलगी डिशवॉशर भरत होती. "बाबा, जस्ट ईमेल हिम. सीसी एव्हरीवन."

"सीसी नको. मला तोंडं बघायची आहेत."

बायकोने तेच पुस्तक माझ्यासमोर उघडून धरलं. आचार्यांच्या परंपरेत एक शिकवण आहे, कोणी आपल्यावर अन्याय केला तर हार आपण घ्यावी आणि जीत त्याला द्यावी. वडिलांनी त्यावर चार पानं लिहिली आहेत. "हे वाचलंय ना?"

"टाईप केलंय."

"मग?"

"टाईप केलंय. पाळीन असं कुठे लिहून दिलंय?"

आईला सांगावं की नाही यात आठवडा गेला. शेवटी सांगितलं. ती वर्ध्याला असते, कान तीक्ष्ण आहेत.

"कोण? जो तुह्या बापासंग रोज फिरायले जाय, तो?"

"तोच."

तिने टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"मंग तू काय करतं?"

"बघतो."

"बघू नको," आई म्हणाली. "कर."

ऑगस्टमध्ये वॉलॉंगॉंगला त्याचं मोठं व्याख्यान होतं. तिकडच्या लोकांनी ठेवलेलं, सिडनीहूनही माणसं येणार होती. जाहिरातीत त्याला 'लेखक आणि अभ्यासक' म्हटलं होतं. मी विमानाने सिडनीला आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या ट्रेनने गेलो. एकटाच. बायको म्हणाली, "मी त्याला ताटं वाढलीत. मला बघवणार नाही." माझ्या बॅगेत वडिलांची दुसरी वही होती, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली.

साठ-पासष्ट माणसं होती. व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून एक निवृत्त नर्स होत्या, सत्तरीच्या, सगळे त्यांना ताई म्हणत होते. पुढच्या रांगेत त्याची बायको, मांडीवर चार वर्षांची मुलगी. त्याने मला पाहिलं आणि माईकवरून म्हणाला, "आज आमचे मेलबर्नचे दादा खास आलेत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला.

मग त्याने पुस्तकातून वाचलं. वाचायला त्याने निवडला तो भाग असा होता: आचार्यांसमोर कोणी त्यांच्या बेटावरच्या गुरूचं नाव काढलं की ते दोन्ही हात जोडून डोक्याला लावत आणि त्यांचे डोळे भरून येत. म्हणत, माझ्यात जे काही चांगलं आहे ते त्यांच्यामुळे. हे वाचताना त्याने पुस्तक खाली ठेवून खरोखर हात जोडले. तोपर्यंत माझ्या मनात थोडी तरी शंका होती की इतक्या लोकांत बोलावं का. ती तिथे संपली.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मी तिसरा हात वर केला.

"पान एक्केचाळीस. तीनशे तीस तोळे हा आकडा कुठून आला?"

"तिबेटी साधनांमधून, दादा."

"कोणत्या?"

"अशी बरीच आहेत. तिबेटीमध्ये आहेत."

"तिबेटीत तोळे असतात?"

दोन-चार जण हसले. तोही हसला. "नाही, नाही, ते मी कन्व्हर्ट केलं."

"मूळ आकडा किती होता?"

त्याने पाण्याचा ग्लास उचलला. "दादा, हे जरा टेक्निकल आहे. आपण चहाला बोलू या ना."

"चहाला मी थांबणार नाही. मूळ आकडा सांग."

"आत्ता आठवत नाही."

"मला आठवतो," मी म्हणालो. "तीन किलो आठशे पन्नास ग्रॅम."

मी पुढे जाऊन वही ताईंच्या हातात दिली आणि पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मी न सांगताच मोठ्याने वाचलं. "दोन, एक, अर्धा, दोनशे, शंभर, पन्नास. बेरीज तीन आठशे पन्नास. भागिले अकरा पूर्णांक सहासष्ट. तीनशे तीस. थोरल्याचं डोकं, वय अकरा." त्यांनी मान वर केली. "हा थोरला कोण?"

"मी. आणि वही माझ्या वडिलांची. हे पुस्तकही त्यांचंच. एक हजार तीनशे एकाहत्तर वाक्यं."

मी ताडून पाहिलेली यादी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्या पानं उलटत गेल्या.

"दादा," तो माईकपासून बाजूला होऊन म्हणाला, "बाबांचं नाव मी घालणारच होतो. दुसऱ्या आवृत्तीत."

"पहिल्या आवृत्तीत जागा कमी पडली का रे?" ताई म्हणाल्या. ऋणनिर्देशाचं पान त्यांच्या हाताखाली होतं. "वरणभाताला बरी पुरली."

लोक हसले. ते हसणं मला गोड लागलं. त्याच्या बायकोने मुलीचं डोकं छातीशी धरलं आणि खाली बघत राहिली. मी ते पाहिलं, आणि थांबलो नाही. मी सांगितलं की हा माझ्या घरी सात महिने राहिला, माझ्या वडिलांसोबत रोज चालला, त्यांना बाबा म्हणाला, आणि ते गेल्यावर त्यांचं नाव पुसलं. प्रत्येक वाक्य मी ट्रेनमध्ये ठरवून आणलं होतं. सगळी वाक्यं वापरली.

मग मागून एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "म्हणजे तो आकडा तुमच्या वडिलांनीच मनाने घातला म्हणायचा?"

याची मी तयारी केली नव्हती. तीन महिने मी त्या माणसाला कुठे पकडायचं एवढंच बघत होतो. आकडा खोटा आहे हे दाखवल्याशिवाय तो पकडला जात नव्हता, आणि आकडा खोटा म्हणजे तो वडिलांनी घातलेला. साठ माणसांसमोर, ज्यांनी त्यांचं नाव दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं.

"हो," मी म्हणालो. "अंदाज होता. तळटीप घालायची राहिली. चूक त्यांची आहे."

"ठीक," ते म्हणाले आणि बसले. त्या एका शब्दाचा मला अजून राग येतो. पण तो राग मी त्या गृहस्थांवर काढू शकत नाही. मी तोही त्याच्याच खात्यावर लावला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याने रात्री अकरा मेसेज पाठवले होते, मी एकाला उत्तर दिलं: सकाळी नऊ, सगळ्या प्रती बाहेर काढून ठेव. छापल्या होत्या तीनशे. विकल्या एकसष्ट, फुकट दिल्या चार, उरल्या दोनशे पस्तीस. गॅरेजमध्ये सहा खोकी मांडलेली होती. मी मोजून घेतली.

"आता काय करायचं, दादा?"

"मुखपृष्ठावरचं तुझं नाव खोडायचं आणि बाबांचं लिहायचं. आतल्या पानावर पण."

"स्टिकर छापून आणतो ना. दोन दिवसांत येतील."

"स्टिकर निघतो. हाताने लिही."

मी त्याला काळा पर्मनंट मार्कर दिला. मी स्टुलावर बसून पान एक्केचाळीस काढायचो, त्याचे दोन शब्द खोडायचो आणि खाली लिहायचो: हा आकडा सिद्ध नाही, लेखकाचा अंदाज. मग प्रत त्याच्याकडे सरकवायचो. गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं, कुत्रा घेऊन जाणारा शेजारी वाकून म्हणाला, "बिझी मॉर्निंग, मेट?" हा म्हणाला, "नो वरीज." त्याची बायको चहा ठेवून गेली. मी प्यायलो नाही. तिने माझं काही बिघडवलं नव्हतं, तरी प्यायलो नाही.

दीडशेव्या प्रतीच्या आसपास त्याने मार्कर खाली ठेवला. "दादा, हात दुखतोय."

"बाबांनी चार वह्या लिहिल्या."

"मला माफ करणार नाही का तुम्ही?"

"नाही."

तो रडला. मी त्याचं रडणं संपेपर्यंत थांबलो आणि पुढची प्रत दिली. तीन तास चाळीस मिनिटं लागली. एका प्रतीला साधारण छप्पन सेकंद. शेवटच्या तीसेक प्रतींवर वडिलांचं आडनाव तिरकं झालं आहे. त्याही मी ठेवून घेतल्या.

पुस्तक विकत घेतलेल्या एकसष्ट जणांची यादी त्याच्याकडे होती. प्रत्येकाला पुस्तक कोणाचं आहे हे कळवणारं पत्र त्याने माझ्यासमोर ईमेल केलं. सीसीमध्ये मी होतो. मग विक्रीची रक्कम मागितली.

"दादा, छपाईचेच अकराशे गेलेत माझे. मला तोटाच झालाय."

"ते तुझं नाव छापायचे गेले. बाबांच्या पुस्तकाचे आले ते दे."

त्याने फोन काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर ट्रान्सफर केला.

परत आल्यावर बायकोने विचारलं, "झालं समाधान?" मी हो म्हणालो. ते खरं होतं आणि आहे. आचार्यांनी काय शिकवलं ते मला पाठ आहे, आणि वडिलांना माझं हे वागणं आवडलं नसतं हेही कळतं. त्यांनी त्याला जेवायला बोलावलं असतं. मी त्यांच्यासारखा नाही. आमच्या गटात दोन घरं आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. म्हणतात, पोराला लोकांत इतकं उघडं पाडायची गरज नव्हती. मला होती. प्रती मी नागपूर, वर्धा आणि यवतमाळच्या वाचनालयांना पाठवतो आहे. टपालखर्च माझा. आतापर्यंत एकशे बारा गेल्या.

एकूण वसूल: एकसष्ट प्रतींचे नऊशे पंधरा डॉलर. बँकेचा आकार जाऊन एक्कावन्न हजार चारशे वीस रुपये. मंगळवारी आईच्या खात्यात जमा झाले. ती रिक्षा करून बँकेत गेली आणि पासबुक भरून घेतलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आजी, पोरानं पाठवले का? आई म्हणाली, "नाही. माह्या नवऱ्यानं कमावले."